कूलिज यांची क्ष-किरण नळी: टंगस्टन, वायू आणि उच्च विद्युतदाब

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्ष-किरण रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये शोधले, तापलेल्या तारेतून निर्वातात विद्युतप्रवाह वाहतो हे एडिसन यांना १८८० च्या दशकातच दिसले होते आणि त्या उत्सर्जनाचा नियम रिचर्डसन यांनी १९०१ मध्ये मांडला होता, मग १९१३ च्या ज्या नळीला अमेरिकी संशोधक विल्यम डेव्हिड कूलिज यांचे नाव मिळाले, तिच्यात त्यांचे स्वतःचे असे काय होते? प्रश्नाचा दुसरा भाग असा की, ज्यांचा सर्वांत गाजलेला शोध दिव्याच्या तारेचा, म्हणजे धातुशास्त्रातला आहे, त्यांची गणना उच्चदाब निर्वात उपकरणांच्या अभियंत्यांमध्ये का करावी?

क्ष-किरण नळ्या पंपावर चढवणे, त्यांतला वायू काढणे आणि विद्युतदाब टप्प्याटप्प्याने वाढवत त्यांना कामासाठी तयार करणे हे माझे बरीच वर्षे चाललेले काम आहे, आणि त्या अनुभवावरून मला वाटते की हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. गरम कॅथोडची, म्हणजे तापवून इलेक्ट्रॉन सोडायला लावलेल्या ऋण टोकाची, कल्पना कूलिज यांची नव्हती आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. ती कल्पना एक लाख व्होल्टखाली तासन्तास टिकू शकेल इतका वायुरहित धातू आणि इतकी वायुरहित नळी त्यांनी प्रथम बनवली. ते काम धातुशास्त्र आल्याशिवाय झालेच नसते.

आधीची नळी कशी होती हे नीट समजल्याशिवाय त्यांच्या नळीचे मोल कळत नाही. १९१३ पूर्वी वैद्यकीय कामात जी नळी वापरली जाई ती क्रूक्स नळीचीच, म्हणजे विरळ वायूतून विद्युतप्रवाह सोडणाऱ्या जुन्या काचनळीचीच, सुधारलेली आवृत्ती होती. तिच्यात मुद्दाम थोडा वायू ठेवलेला असे. त्याचा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाइतका असे. ॲल्युमिनियमचा अंतर्वक्र कॅथोड थंडच असे. उच्च विद्युतदाब लावला की नळीतल्या वायूचे आयन (विद्युतभारित कण) बनत, धन आयन कॅथोडवर आदळत, त्या आघाताने इलेक्ट्रॉन बाहेर पडत आणि ते समोरच्या टार्गेटवर, म्हणजे धातूच्या लक्ष्यावर, आपटले की क्ष-किरण निघत. टार्गेट बहुधा प्लॅटिनमचे असे. म्हणजे प्रवाहाचा उगमच वायूत होता. वायू नसेल तर नळी बंद, जास्त असेल तर नळीत नुसती चकाकी आणि किरण दुबळे.

अडचण अशी की हा वायू स्थिर राहत नसे. नळी वापरात असताना काचेच्या भिंती आणि कॅथोडवरून उडालेला धातू वायू शोषून घेत, दाब कमी होई, नळी चालू होण्यासाठी अधिक व्होल्ट लागत आणि किरण अधिक भेदक होत. नळी ‘कठीण’ झाली असे तेव्हा म्हणत. उलट टार्गेट फार तापले तर धातूत दडलेला वायू बाहेर येई आणि नळी ‘मऊ’ होई. वायू परत भरण्यासाठी पॅलेडियमची बारीक नळी जोडलेली असे. ती ज्योतीवर धरली की ज्योतीतला हायड्रोजन धातूतून आत झिरपत असे. एकाच रुग्णाच्या लागोपाठच्या दोन छायाचित्रांत किरणांची भेदकता सारखी राहील याची खात्री कोणत्याही डॉक्टरला नव्हती, म्हणून वेगवेगळ्या अवस्थेतल्या अनेक नळ्या जवळ बाळगण्याची पद्धत होती. उपचारासाठी ठरावीक मात्रा देणे तर जवळजवळ अंदाजाचेच काम होते.

तांत्रिक भाषेत सांगायचे तर या नळीत तीन राशी एकमेकींत अडकलेल्या होत्या: वायूचा दाब, नळीचा प्रवाह आणि नळीवरचा विद्युतदाब. यातली एक बदलली की बाकीच्या दोन्ही हलत. आज आपण किलोव्होल्टची कळ वेगळी आणि मिलिअँपिअरची कळ वेगळी फिरवतो, आणि यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नाही. ही फारकत कूलिज यांच्या नळीने घडवली, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

आता त्यांच्या कारकिर्दीकडे वळतो. कूलिज यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन या गावी, शेतीवर राबणाऱ्या साध्या कुटुंबात झाला. त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८९६ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मग जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठातून १८९९ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर त्यांनी आपल्या जुन्या संस्थेत आर्थर नॉयस यांच्याबरोबर जलीय द्रावणांच्या विद्युतवाहकतेवर पाच वर्षे काम केले. हे काम उच्च तापमानावरचे होते, म्हणजे पाणी उकळू नये म्हणून ते दाबाखाली ठेवायचे, पात्राच्या भिंतींतला कणभर पदार्थही द्रावणात विरघळू द्यायचा नाही आणि त्याही परिस्थितीत विद्युतरोधित तार आत न्यायची. चरित्रलेखनात या वर्षांना सहसा दोन ओळी मिळतात. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटतात, कारण पात्राच्या भिंतीतून येणाऱ्या अशुद्धीशी झगडणे आणि गळती न होऊ देता वाहक आत नेणे हीच तर पुढे त्यांच्या नळीची दुखणी होती.

१९०५ मध्ये विलिस व्हिटनी यांच्या बोलावण्यावरून ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत आले. त्या वेळी कंपनीपुढे दिव्याचा प्रश्न होता. कार्बनची तार फार तापवता येत नव्हती आणि धातूंच्या तारांचे दिवे युरोपातून पुढे येत होते. टंगस्टनचा वितळबिंदू सुमारे ३४०० अंश सेल्सिअस, सर्व धातूंत सर्वाधिक. पण धातू इतका ठिसूळ की त्याची तार ओढणे अशक्य मानले जाई. युस्ट आणि हानामान यांनी १९०४ मध्ये टंगस्टनची भुकटी लुकणात मिसळून, छिद्रातून दाबून, लुकण जाळून तार तयार केली होती. ती प्रकाश उत्तम देई, पण साध्या धक्क्याने तुटे.

कूलिज यांनीही सुरुवात लुकणाच्याच वाटेने केली. फरक एवढा की त्यांनी कार्बनयुक्त पदार्थाऐवजी कॅडमियम, बिस्मथ आणि पारा यांचा मिश्रधातू वापरला, जो तापवल्यावर बाष्प होऊन निघून जाई आणि टंगस्टनमध्ये कार्बन मागे ठेवत नसे. ती वाट पुरेशी नाही हे दिसल्यावर त्यांनी खऱ्या अर्थाने घाट घालता येणारा टंगस्टन मिळवण्याचा ध्यास घेतला. त्यांची मुख्य उपलब्धी अशी की, नेहमीच्या धातूंच्या बाबतीत जे केले जाते त्याच्या उलट टंगस्टनला लागू पडते हे त्यांनी ओळखले. तांब्यासारखा धातू ठोकून कडक झाला की तो तापवून मऊ करतात. तापवण्याने त्याचे कण नव्याने जुळतात आणि धातू पुन्हा वाकू लागतो. टंगस्टन मात्र त्या तापमानापलीकडे नेला की त्यात मोठे समभुज कण तयार होतात आणि तो थंड झाल्यावर काचेसारखा फुटतो. म्हणून भुकटी दाबून व तापवून घट्ट केलेली कांडी गरमच, पण पुनःस्फटिकीभवनाच्या, म्हणजे कण नव्याने जुळण्याच्या, तापमानाच्या खाली ठेवून, स्वेजिंग यंत्राने चहूबाजूंनी ठोकत बारीक करायची, दर टप्प्याला तापमान थोडे उतरवायचे आणि शेवटी तापवलेल्या हिऱ्याच्या डायमधून ओढायची. असे केले की कण लांब तंतूंसारखे होतात आणि शेवटी मिळणारी तार खोलीच्या तापमानालाही वाकते. १९१० पर्यंत ही प्रक्रिया पक्की झाली आणि १९११ पासून अशा तारेचे दिवे बाजारात आले. तारेत थोरियम ऑक्साइडचा अंश मिसळल्याने कणांची अवास्तव वाढ रोखली जाते, हेही याच कामात पक्के झाले.

इथे विषय सुटला असे वाटेल, पण सुटलेला नाही. वाकणारा टंगस्टन हाती आला म्हणजे उच्च तापमानाला टिकणारी, हव्या त्या आकारात वळवता येणारी आणि मुख्य म्हणजे अत्यंत तापवून आतला वायू पूर्णपणे काढून टाकता येईल अशी इलेक्ट्रोडची सामग्री हाती आली. प्लॅटिनम किंवा ॲल्युमिनियम यांना ते भाग्य नाही. वायू काढण्याइतके तापवायला जावे तर ॲल्युमिनियम वितळते आणि प्लॅटिनमही १७६८ अंशांना हार मानते. टंगस्टनला २००० अंशांपलीकडे तापवले तरी तो निर्वातात आपला आकार सोडत नाही. त्याची बाष्पदाबाची पातळीही फार कमी आहे, त्यामुळे तो काचेवर धातूचा थर लवकर चढवत नाही. शिवाय त्याचा अणुक्रमांक ७४ असल्याने क्ष-किरण निर्माण करण्याची त्याची क्षमता चांगली आहे. एकाच धातूत कॅथोडची तार आणि ॲनोडचे टार्गेट या दोन्हींसाठी लागणारे गुण इतके जुळून येणे विरळाच. कूलिज यांनी प्रथम जुन्या वायूच्या नळीतच प्लॅटिनमच्या जागी टंगस्टनचे टार्गेट बसवून पाहिले. टार्गेट उत्तम टिकले, पण वायूचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

त्याच प्रयोगशाळेत १९०९ पासून आयर्व्हिंग लँगम्युअर काम करत होते. त्या काळी अनेक नामवंत शास्त्रज्ञांचा असा समज होता की तापलेल्या तारेतून निघणारा प्रवाह हा उरलेल्या वायूमुळे असतो आणि निर्वात परिपूर्ण झाला की तो थांबेल. लँगम्युअर यांनी दाखवले की तसे नाही. निर्वात जितका चांगला, तितके उत्सर्जन अधिक स्थिर आणि पुन्हा पुन्हा तेवढेच मिळणारे. प्रवाहावर मर्यादा येते ती वायूच्या अभावाने नव्हे, तर तारेभोवती जमलेल्या इलेक्ट्रॉनांच्याच ऋण भाराने, ज्याला आपण अवकाशभार म्हणतो. हे निष्कर्ष शेजारच्या खोलीत उपलब्ध असणे हा कूलिज यांच्या नशिबाचा भाग म्हणता येईल, पण त्यांचा उपयोग एक लाख व्होल्टवर करून दाखवणे हा नशिबाचा भाग नव्हता. जर्मनीत लिलियनफेल्ड हेही त्याच सुमारास गरम कॅथोडच्या क्ष-किरण नळीवर काम करत होते. कल्पना तेव्हा हवेत होतीच.

डिसेंबर १९१३ मध्ये त्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. रचना पाहू. कॅथोड म्हणजे टंगस्टनच्या तारेची सपाट चकलीवजा गुंडाळी. तिच्याभोवती मॉलिब्डेनमचे नळकांडे, जे तारेच्याच विभवाला जोडलेले असल्याने इलेक्ट्रॉनांची शलाका एकत्र आणते. समोर भरीव टंगस्टनचे जड टार्गेट. नळीतला दाब इतका कमी की वायूचे आयनीभवन हिशेबातच येऊ नये. जुन्या नळीच्या दाबाला वायूच्या रेणूचा मुक्तपथ (दोन टकरींमधले सरासरी अंतर) पाच-सहा सेंटीमीटर, म्हणजे नळीच्याच मापाचा असतो. दाब हजारपट उतरवला की तो पन्नास मीटरच्या घरात जातो. इलेक्ट्रॉन मग वाटेत कोणालाही न भेटता टार्गेटवर पोचतात आणि कॅथोडवर आदळायला आयनच उरत नाहीत.

हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात खरी मेहनत इथेच आहे आणि आमच्या कामाचा नव्वद टक्के भागही इथेच जातो. पंप जोडून नळी रिकामी केली म्हणजे निर्वात झाला असे नव्याने या कामात येणाऱ्यांना वाटते. आतली हवा पंप लवकर काढतो. खरा साठा काचेच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या पाण्याच्या बाष्पात आणि धातूच्या अंतरंगात मुरलेल्या हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांसारख्या वायूंत असतो. नळी सील केल्यावर पहिल्याच जोरदार वापरात टार्गेट तापते आणि तो साठा बाहेर पडतो. म्हणून कूलिज यांनी टंगस्टन व मॉलिब्डेनमचे भाग नळीत बसवण्यापूर्वीच निर्वातात अतिउच्च तापमानाला तापवले, काचेची नळी पंपावर असतानाच भट्टीत काच मऊ होण्याच्या थोडे अलीकडे नेली, आणि त्यानंतर नळी पंपावरच ठेवून तिच्यातून प्रवाह सोडत, तो वाढवत, टार्गेट इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानेच लाल, मग पांढरे होईपर्यंत तापवले. वायू सुटला की दाब वाढतो, तेव्हा थांबायचे. दाब उतरला की पुन्हा पुढे जायचे. नळी प्रत्यक्ष वापरात जितकी तापेल त्यापेक्षा अधिक तापवून मगच ती सील करायची. आज पंप बदलले, भट्ट्या बदलल्या, वायू मोजण्याची साधने बदलली, तरी हा क्रम जसाच्या तसा आहे.

नळीचे वर्तन यातून पूर्ण पालटले. तारेचा प्रवाह वाढवला की तिचे तापमान वाढते आणि रिचर्डसन यांच्या नियमानुसार उत्सर्जन झपाट्याने चढते. तेवढाच नळीचा प्रवाह. नळीवरचा विद्युतदाब पुरेसा उच्च असला की निघालेले सर्व इलेक्ट्रॉन टार्गेटवर ओढले जातात आणि तो आणखी वाढवूनही प्रवाह फारसा वाढत नाही. विद्युतदाब फक्त किरणांची भेदकता ठरवतो. कोणत्याही किरणाची ऊर्जा लावलेल्या विद्युतदाबाशी बांधलेली कमाल मर्यादा ओलांडू शकत नाही, ही गोष्ट ड्युएन आणि हंट यांनी १९१५ मध्ये स्वच्छ मांडली, आणि अशी मोजमापे करता आली ती कूलिज यांच्यासारख्या स्थिर नळ्या हाती आल्यामुळेच. क्ष-किरण वर्णपटशास्त्राने त्या दशकात जी झेप घेतली तिच्यामागे या नळीचा वाटा मोठा आहे. वैद्यकीय बाजूला न्यूयॉर्कचे डॉक्टर लुईस ग्रेगरी कोल यांनी ती सर्वप्रथम वापरणाऱ्यांमध्ये राहून तिची उपयुक्तता दाखवून दिली.

एका मर्यादेचा उल्लेख करायला हवा. इलेक्ट्रॉनांची जी ऊर्जा टार्गेटवर पडते तिच्यापैकी १०० किलोव्होल्टला जेमतेम एक टक्का क्ष-किरण होते, उरलेली सगळी उष्णता. पहिल्या नळ्यांतले भरीव टार्गेट ही उष्णता केवळ प्रारणाने बाहेर टाकत असे, त्यामुळे ते तापून चकाकत राही. तापलेले टार्गेट स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागते, आणि तेव्हा प्रत्यावर्ती दाबाच्या उलट्या अर्धचक्रात प्रवाह उलटा वाहून कॅथोडची तार व काच यांना इजा होऊ शकते. म्हणून अशा नळीला वेगळा दिष्टकारक, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने वाहू देणारे उपकरण, लागे, आणि त्या काळचे यांत्रिक दिष्टकारक अवजड असत.

पहिल्या महायुद्धात रणांगणाजवळ नेता येईल असे क्ष-किरण यंत्र हवे झाले तेव्हा कूलिज यांनी याच अडचणीवर बोट ठेवले. टंगस्टनची छोटी चकती तांब्याच्या जाड दांड्यात बसवायची, दांडा काचेबाहेर काढून त्याला पंख्यासारख्या पाकळ्या लावायच्या आणि उष्णता हवेत सोडायची. टार्गेट थंड राहिले म्हणून उलट्या अर्धचक्रात इलेक्ट्रॉनच निघत नाहीत, आणि नळी स्वतःच दिष्टकारकाचे काम करते. ट्रान्सफॉर्मर सरळ नळीला जोडला की झाले. ठरलेल्या मर्यादेत १० मिलिअँपिअर प्रवाह देणारी ही लहान नळी, एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि पेट्रोलवर चालणारा जनित्रसंच एवढ्यावर क्षेत्रीय यंत्र उभे राहिले. मला त्यांच्या सर्व रचनांत ही सर्वांत देखणी वाटते. एकही भाग न वाढवता, केवळ उष्णतेची वाट बदलून, एक अख्खे उपकरण त्यांनी साखळीतून वगळले. दातांच्या दवाखान्यातील छोट्या यंत्रांत स्वदिष्टकारी नळीचे हे तत्त्व पुढे कित्येक दशके चालत राहिले. त्याच युद्धकाळात पाणबुड्यांचा आवाज पाण्याखालून ऐकण्याच्या साधनांवरही त्यांनी काम केले. तो वेगळा विषय आहे.

१९२० च्या दशकात त्यांचे लक्ष विद्युतदाब वाढवण्याकडे गेले, आणि उच्चदाब अभियांत्रिकीच्या दृष्टीने माझ्या लेखी हा त्यांच्या कामाचा सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. निर्वात कितीही उत्तम केला तरी एका नळीवर सुमारे ३०० किलोव्होल्टच्या पुढे गेले की अडथळा येतो. कॅथोडच्या बाजूच्या थंड धातूवरच्या सूक्ष्म टोकांपाशी विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की तारेशी काही संबंध नसलेले इलेक्ट्रॉन तिथून उपटून निघतात. ते काचेवर पडतात, काच भारित होते, काही ठिकाणी छिद्र पडते आणि नळी संपते. या थंड उत्सर्जनाला वायू जबाबदार नसल्याने पंप काही मदत करू शकत नाही. दाब दुप्पट करायचा म्हणून अंतर दुप्पट केले तरी भागत नाही, कारण निर्वातातली सहनशक्ती अंतराच्या प्रमाणात वाढत नाही; लांब फटीला प्रत्येक मिलिमीटरमागे कमी व्होल्ट पेलतात.

कूलिज यांनी एकूण विद्युतदाब तुकड्यांत वाटला. नळ्या एकामागे एक जोडायच्या, दोन नळ्यांच्या मधे पोकळ धातूचे नळकांडे ठेवायचे, आणि प्रत्येक तुकड्यावर पेलेल तेवढाच दाब द्यायचा. इलेक्ट्रॉनांची शलाका पोकळ नळकांड्यांतून सरळ पुढे जाते आणि प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा मिळवते, तर एका टप्प्यातला भरकटलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या टप्प्यात शिरून पूर्ण दाबाची ऊर्जा मिळवू शकत नाही. धातूचे आवरण काचेलाही आडोसा देते. अशा तीन टप्प्यांच्या नळीने त्यांनी ९०० किलोव्होल्टपर्यंत मजल मारली. दाब विभागून देण्याची हीच रीत पुढे इलेक्ट्रॉन आणि आयन त्वरकांच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्रांच्या) नळ्यांत सर्वत्र आली, आणि आजही अनेक किलोव्होल्टच्या स्तंभाचे चित्र पाहिले तर त्यातली एकावर एक कडी म्हणजे हीच कल्पना असते.

१९२६ मध्ये त्यांनी याच नळीच्या टोकाला क्ष-किरणांचे टार्गेट न लावता निकेलच्या अतिपातळ पत्र्याची खिडकी लावली, म्हणजे इलेक्ट्रॉन सरळ बाहेरच्या हवेत. पत्रा सुमारे ०.०१३ मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्यावर बाहेरून वातावरणाचा दर चौरस सेंटीमीटरला एक किलोग्रॅमचा भार. म्हणून त्याच्या आतून मॉलिब्डेनमची जाळी टेकू म्हणून ठेवलेली. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लेनार्ड यांनी पूर्वी अशी खिडकी केली होती, पण ती इवलीशी होती आणि तिच्यातून येणारा प्रवाह नगण्य होता. कूलिज यांच्या शलाकेत एरंडेल तेल घट्ट झाले, ॲसिटिलीन वायूपासून पिवळी भुकटी तयार झाली आणि कॅल्साइटचे स्फटिक शलाका बंद झाल्यावरही चमकत राहिले. प्लास्टिकची वेष्टने, केबलचे विद्युतरोधन, शाई आणि लेप इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने घट्ट करण्याचा आजचा उद्योग तांत्रिकदृष्ट्या याच खिडकीचा वारस आहे. फक्त खिडकी आता बहुधा टायटेनियमची असते.

पेटंटांविषयी थोडे, कारण प्रश्नातल्या ‘स्वतःचे काय’ या शब्दांचा रोख तिकडेही जातो. वाकणाऱ्या टंगस्टनचे पेटंट त्यांना ३० डिसेंबर १९१३ रोजी मिळाले आणि त्यावर कंपनीचा दिव्यांचा धंदा बराच काळ उभा होता. पुढे अमेरिकी न्यायालयांनी ते रद्द ठरवले. १९२८ मधल्या अपिलाच्या निकालाचा आशय असा होता की शुद्ध टंगस्टनचा वाकण्याचा गुण निसर्गाचा आहे, तो शोधणारा त्याचा मालक होऊ शकत नाही. कायद्याच्या चौकटीत हा तर्क कदाचित टिकतो. पण टंगस्टन ज्या अवस्थेत वाकतो ती अवस्था निसर्गात कुठे सापडत नाही. ती ठोकून, तापमान सांभाळून, कणांची रचना बदलून घडवावी लागते, आणि पुन्हा जास्त तापवली तर नाहीशीही होते. ज्याने गुलाबी तापलेली कांडी हाताळली आहे त्याला तो निकाल पटणे कठीण आहे. कूलिज यांची प्रतिक्रिया मात्र माझ्याहून संयमी होती. १९२६ चे एडिसन पदक त्यांना देऊ करण्यात आले तेव्हा, ज्या कामासाठी पदक आहे त्याचे पेटंट खालच्या न्यायालयाने अमान्य केले आहे, या कारणाने त्यांनी ते नाकारले. संस्थेने पुढच्या वर्षी ते पुन्हा देऊ केले आणि तेव्हा त्यांनी ते घेतले.

१९३२ मध्ये व्हिटनी यांच्यानंतर ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. मंदीचा काळ होता आणि त्यांना हाताने करण्याच्या कामासाठी वेळ उरला नाही. १९४१ मध्ये युरेनियमवरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीतही ते होते. १९४४ च्या अखेरीस ते निवृत्त झाले आणि ३ फेब्रुवारी १९७५ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, स्केनेक्टडी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर ८३ पेटंट आहेत.

वायुरहित धातूशिवाय उच्चदाब निर्वात उपकरण उभे राहत नाही, याचा उलट बाजूचा पुरावाही उपलब्ध आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सोरेन्सन आणि मेंडनहॉल यांनी १९२६ मध्ये, म्हणजे कूलिज यांच्या खिडकीच्याच वर्षी, निर्वातात विलग होणाऱ्या संपर्कांनी उच्चदाबाचा प्रवाह तोडून दाखवला. प्रयोग यशस्वी होता, तरी वापरण्याजोगा व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर बाजारात यायला १९५० चे दशक सरावे लागले. क्ष-किरण नळीत टार्गेट तापते, पण धातू वितळत नाही. ब्रेकरमध्ये दर वेळी विद्युतचाप पेटतो, संपर्काचा पृष्ठभाग वितळतो आणि खोलवरचा वायू सुटतो. म्हणजे नुसता पृष्ठभाग नव्हे, धातूचा अख्खा गाभा वायुरहित हवा. तो मिळवण्याची तंत्रे, आणि सील कित्येक वर्षे टिकवण्याची तंत्रे, आल्यावरच ते उपकरण उभे राहिले.

आजच्या नळीत त्यांचे काय उरले आहे असे विचाराल तर बरेच काही बदलले आहे. फिलिप्स कंपनीत बाउवर्स यांनी १९२९ च्या सुमारास फिरता ॲनोड व्यवहारात आणला, त्यामुळे उष्णता एका ठिपक्यावर न पडता वर्तुळावर पसरली. टार्गेट टंगस्टनमध्ये ऱ्हेनियम मिसळून करतात, त्याच्या मागे मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइट असते, काचेऐवजी धातू आणि सिरॅमिकचे कवच असते, आणि सीटी स्कॅनच्या नळीला १२० किलोव्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे ६० किलोवॅट, काही सेकंद पेलावे लागतात. पण कॅथोडची तार टंगस्टनचीच आहे, ती तापमानानेच नियंत्रित होते आणि तिच्याभोवतीची वाटी शलाका एकत्र करण्याचेच काम करते.

व्यवहारातली एक गोष्ट या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी. बराच काळ पडून राहिलेली नळी एकदम पूर्ण दाबावर चढवू नये. कमी किलोव्होल्टपासून टप्प्याटप्प्याने वर न्यावी आणि मध्ये ठिणगी उडाली तर एक टप्पा खाली येऊन थांबावे. यंत्रासोबत येणारी वॉर्म-अपची सूचना अनेक जण केवळ ॲनोडला तडा जाऊ नये म्हणून आहे असे समजतात. तो एक हेतू आहेच. दुसरा असा की पडून असताना भिंतींतून आणि धातूतून थोडाथोडा सुटलेला वायू कमी विद्युतदाबावरच्या प्रवाहाने पुन्हा धातूत व काचेत गाडला जातो. नळी ‘गॅसी’ झाली आहे का हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, तारेचा प्रवाह तोच ठेवून किलोव्होल्ट वाढवताना मिलिअँपिअर अपेक्षेपेक्षा वेगाने चढतात किंवा काटा थरथरतो. चांगल्या नळीत तो जवळजवळ स्थिर राहतो. मूळ साहित्य वाचायचे असल्यास १९१३ चा तो फिजिकल रिव्ह्यूमधला लेखच आधी वाचावा. त्यात सिद्धान्त थोडा आहे आणि नळीतला वायू काढण्याची कृती भरपूर.